ठासून बोलणारा तो हुशार, थांबून बोलणारा तो मठ्ठ?

शाईचा डाग
नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळींत अधूनमधून माझाही नंबर लागतो. मागे एकदा दोन उमेदवार पाठोपाठ आले. पहिल्याचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तयार. आवाज खणखणीत, नजर थेट डोळ्यांत, 'बहुतेक', 'माझ्या मते' असले शब्द औषधालाही नाहीत. दुसरी थांबत थांबत बोलत होती. मध्येच म्हणाली, "अमुक गृहीत धरलं तर असं, नाहीतर तसं." एकदा तर स्वतःचंच वाक्य तोडलं आणि "नाही, थांबा, हे बरोबर नाही" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ती बाहेर पडल्यापडल्या निकाल लागला: "पहिला जबरदस्त आहे. हिला येतं सगळं, पण चमक नाही." मी उत्तरं जमेल तशी लिहून घेत होते. कागदावर पाहिलं तर पहिल्याची दोन उत्तरं साफ चुकीची आणि एकात प्रश्नाला सरळ बगल. दुसरीची एकही चूक नाही. हे मी बोलूनही दाखवलं. त्यावर "चुका काय, शिकेल तो" असं ऐकायला मिळालं.

त्या निकालावर वाद घालायचा नाहीये. माझा प्रश्न असा, की समोरचा कसा बोलतो यावरून त्याची अक्कल मोजायची एवढी खात्री आपल्याला येते कुठून? आणि अर्ध्या तासात चटपटीतपणा आणि बुद्धी वेगळी कशी काढायची? अनुभव सांगा.

कुजबुज
उथळ पाण्याला खळखळाट फार. चला, पुढचा धागा.

तिरपा डोळा
कुजबुज, एवढ्यात नका आटपू. म्हणी काय, दोन्ही बाजूंनी मिळतात. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हेही आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय.

मी मुद्दाम दुसऱ्या बाजूने बोलतो. ज्याला विषय येतो तो सहसा न अडखळता बोलतो, हा आपला रोजचा अनुभव नाही का? रस्ता माहीत असलेला माणूस "डावीकडे वळा" म्हणतो. नसलेला "बहुतेक डावीकडे... की पुढचं वळण?" करत बसतो. लहानपणापासून हा ठोकताळा इतक्यांदा बरोबर आलेला असतो की आपण तो वापरणारच. एका मुलाखतीत फसला म्हणून टाकून द्यायचा? आणि डॉक्टर जर "बघू, असेल काहीतरी" म्हणाला, तर तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जाल की नाही, प्रामाणिकपणे सांगा.

दीडशहाणा_२
"तीन दिवसांत ठणठणीत व्हाल" म्हणाला आणि झालो नाही, तरी दुसऱ्याकडे जातोच की.

सरासरी
दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. अनोळखी माणसाला थोडा वेळ बोलताना पाहून त्याच्या बुद्धीचा अंदाज येतो का, हे मानसशास्त्रज्ञांनी बऱ्याचदा तपासलंय. जर्मनीत बोर्केनाऊ आणि लीब्लर या जोडीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना एक ठरलेला मजकूर वाचताना चित्रित केलं आणि ते चित्रण अनोळखी लोकांना दाखवलं. त्यांचे अंदाज बुद्ध्यांक चाचणीशी काही प्रमाणात जुळले. आवाज बंद ठेवून दाखवलं तेव्हा मात्र जुळले नाहीत. म्हणजे बोलण्यात खरंच काहीतरी असतं, तिरपा डोळा यांची बाजू तेवढी खरी.

आता पुढची पायरी. २००७ मध्ये नोरा मर्फी यांनी काही जणांना मुद्दाम सांगितलं, "गप्पा मारताना हुशार वाटा." बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. बोलताना समोरच्याकडे बघणं ही एक गोष्ट बुद्ध्यांकाशी खरोखर निगडित निघाली, बघणाऱ्यांनाही तिच्यामुळे माणूस हुशार वाटला. पण ज्यांना 'हुशार वाटा' म्हटलं होतं त्यांना ती ठरवून करताही आली! म्हणजे खूण खरी, पण नक्कल करायला सोपी. आणि मुलाखतीला येणारा प्रत्येक माणूस 'हुशार वाटा' ही सूचना घरूनच घेऊन आलेला असतो.

घोगरा आवाज
"न अडखळता बोलतो" हा निकष वाचून हसू आलं. मी तोतरा आहे. 'प' आणि 'क' आले की अडतो. उत्तर डोक्यात केव्हाच तयार असतं, तोंडातून निघत नाही. समोरचा मग हळूहळू, मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो.

आतली एक गोष्ट सांगतो. अडणारा शब्द चुकवण्यासाठी आम्ही ऐनवेळी दुसरा शब्द पकडतो. तो नेमका नसतो. मग वाक्य खरोखरच ढिसाळ होतं आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते की याला विषय येत नाही. म्हणजे तोतरेपणा लपवायला जावं, तर मठ्ठ ठरावं. मी हल्ली सरळ अडतो, लपवत नाही.

संगणकशास्त्राचा पाया घालणारा ॲलन ट्यूरिंगसुद्धा अडखळत बोलायचा. तुमच्या अर्ध्या तासात त्याचं काय झालं असतं?

ओठ-जीभ-टाळू
घोगरा आवाज यांना हजारदा अनुमोदन. मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याचा ओघ आणि डोकं या दोन गोष्टी किती सुट्या असू शकतात ते आम्हाला रोज दिसतं.

मेंदूच्या डाव्या बाजूला मागच्या एका भागात इजा झाली की वेर्निके प्रकारचा वाचाघात होतो. माणूस अस्खलित बोलतो. चढउतार, हातवारे, विराम, सगळं जागच्या जागी. फक्त अर्थ लागत नाही आणि बऱ्याचदा त्याला स्वतःला ते कळतही नाही. ब्रोका प्रकारात बरोबर उलटं. एकेक शब्द ओढून काढावा लागतो, पण काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. दोघांना शेजारी बसवलं तर दाराबाहेरून ऐकणारा पहिल्यालाच धडधाकट समजेल.

तिसरं उदाहरण विल्यम्स सिंड्रोमचं. सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळल्यामुळे होतो. यातली बरीच मुलं विलक्षण गप्पिष्ट आणि माणसांची ओढ असलेली असतात, मोठे मोठे शब्द झोकात वापरतात. बुद्धीच्या अडचणी मात्र खऱ्या असतात, आणि बोलणं एवढं छान असल्यामुळेच त्या उशिरा लक्षात येतात. मग "एवढं बोलतो, मग हे कसं येत नाही? आळशी आहे" असा शिक्का बसतो. ओघवत्या बोलण्याचा तोटाही असतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

तिरपा डोळा
माहितीबद्दल आभार, पण ही टोकाची उदाहरणं झाली. आजार बाजूला ठेवा. चार धडधाकट माणसं एका टेबलाभोवती बसली, तर जो ठाम बोलतो त्याला काहीतरी येत असतं. एवढंच माझं म्हणणं.

उपप्रश्न
घ्या, चार धडधाकट माणसं आणि एक टेबल. अँडरसन आणि किल्डफ यांनी २००९ मध्ये हाच प्रयोग छापला. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे छोटे गट केले आणि गणितं सोडवायला दिली. गणिताचं उत्तर बरोबर की चूक हे पडताळता येतं, म्हणून मुद्दाम गणितं. स्वभावाने पुढे पुढे करणारे लोक गटातल्या इतरांना जास्त कर्तबगार वाटले, बाहेरून चित्रण पाहणाऱ्यांनाही वाटले. प्रत्यक्षात त्यांची गणिती क्षमता बाकीच्यांपेक्षा जास्त नव्हती.

मला यातला सगळ्यात आवडलेला आकडा: ९४ टक्के वेळा गटाचं अंतिम उत्तर म्हणजे कुणीतरी तोंडातून सगळ्यात आधी काढलेलं उत्तर होतं. ही माणसं कुणावर दादागिरी करत नव्हती. नुसतं आधी बोलत होती.

तिरपा डोळा
९४ टक्के वेळा पहिलं उत्तर घेतलं म्हणजे ते चूक होतं असं नाही. गणितं सोपी असतील तर पहिलं उत्तर बरोबरच असणार.

उपप्रश्न
आक्षेप चांगला आहे. पण गणिती क्षमता जास्त नसतानाही आधी बोलणाऱ्यांना 'हुशार' हे प्रमाणपत्र मिळालं, अडचण तिथे आहे. बाकीच्यांना तेच उत्तर अर्ध्या मिनिटाने सुचलं असतं, तर त्यांच्या खात्यात काहीच जमा झालं नाही.

दीडशहाणा_२
म्हणूनच मी प्रत्येक धाग्यावर लवकर प्रतिसाद देतो. वाचून नंतर घेतो.

चौथा बाक
दीडशहाणा, खिक्क!

शिकवण्याच्या धंद्यात असल्यामुळे डॉक्टर फॉक्सची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७० मध्ये अमेरिकेत एका परिषदेत 'डॉ. मायरन फॉक्स' नावाच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं. विषय: वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा (म्हणजे डावपेचांच्या गणिताचा) वापर. श्रोते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक असे सगळे शिकलेसवरलेले. डॉ. फॉक्स म्हणजे प्रत्यक्षात मायकेल फॉक्स नावाचा नट. त्याला विषयातलं ओ की ठो माहीत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, अर्थ नसलेले शब्द, संबंध नसलेले संदर्भ हे सगळं रुबाबात आणि विनोद पेरत बोलायचं, एवढीच तालीम त्याला दिली होती. व्याख्यानानंतरच्या अर्जावर लोकांनी त्याला भरभरून चांगले शेरे दिले. १९७३ मध्ये हे छापून आलं.

तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या 'शिक्षक कसे वाटले' अर्जांकडे मी जरा तिरक्या नजरेने बघतो. माझे शेरे बरे येतात, म्हणून तर जास्तच.

कुजबुज
पण श्रोत्यांपैकी गेम थिअरी कुणाला येत होती? ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही तिथे आवाज आणि रुबाब याखेरीज मोजायला उरतं काय? गणिती बसवले असते तर पाचव्या मिनिटाला पकडला असता.

चौथा बाक
बरोबर, आणि हेच महत्त्वाचं आहे. आपण तज्ज्ञाकडे जातो तेच मुळी आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून. जिथे ठामपणावर विसंबणं सगळ्यात धोक्याचं, तिथेच आपण सगळ्यात जास्त विसंबतो.

माळ्यावरची पेटी
कठीण शब्द वापरले की माणूस विद्वान वाटतो, असं आमच्या एका वरिष्ठांचं मत होतं. साध्या रजेच्या अर्जातही 'अपरिहार्य' आणि 'तद्नुषंगाने'. डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये दाखवलं की उगाच जड शब्द घुसडलेलं लेखन वाचणाऱ्याला लेखक *कमी* हुशार वाटतो. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच मुद्दाम भयंकर जड शब्दांत होतं. त्याला त्या वर्षी साहित्याचं इग् नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

दीडशहाणा_२
तद्नुषंगाने सहमत.

सांज_पाखरू
उच्चारांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझं बोलणं कामाच्या ठिकाणच्या भाषेत परकं वाटतं. मुद्दा मांडला की आधी 'परत सांगता का?' होतं, मग तोच मुद्दा दुसरं कुणीतरी मांडतं आणि सगळे "वा!" म्हणतात.

लेव्ह-आरी आणि कायझर यांचा २०१० चा एक प्रयोग आहे. 'जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो' असली किरकोळ माहितीची वाक्यं वेगवेगळ्या उच्चारांच्या लोकांकडून म्हणून घेतली. बोलणारे फक्त निरोप वाचून दाखवताहेत, माहिती त्यांची नाही, हेही ऐकणाऱ्यांना सांगितलं होतं. तरीही परक्या उच्चारातली वाक्यं त्यांना कमी खरी वाटली. कारण सोपं आहे. ऐकायला कष्ट पडले की ते कष्ट आपण वाक्याच्या खरेपणाच्या नावावर टाकतो.

कुजबुज
उंटाने आक्षेप नोंदवला आहे.

माळ्यावरची पेटी
'तोच मुद्दा दुसरं कुणीतरी मांडतं' हे बायकांना सांगायला नको. ठाम बोललं तर 'आगाऊ', सांभाळून बोललं तर 'खात्री नाही वाटतं हिला'. बोलणं मध्येच तोडलं जातं ते वेगळंच.

तिरपा डोळा
प्रत्येक धाग्यात हा विषय यायलाच हवा का? बोलणं पुरुषांचंही तोडलं जातं.

माळ्यावरची पेटी
तोडलं जातंच. किती वेळा, हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात प्रत्येक सुनावणी शब्दशः नोंदली जाते, त्यामुळे तिथे मोजता आलं. जेकोबी आणि श्वीअर्स यांचा २०१७ चा अभ्यास वाचा. महिला न्यायमूर्तींना त्यांच्या प्रमाणापेक्षा खूपच जास्त वेळा मध्ये तोडलं जात होतं, सहकाऱ्यांकडून आणि वकिलांकडूनही. लक्षात घ्या, देशातलं सर्वोच्च न्यायपीठ आणि समोर उभा असलेला वकील! २०२१ मध्ये तिथे सुनावणीची पद्धत बदलली, न्यायमूर्तींना एकेक करून प्रश्न विचारायची वेळ ठेवली. त्यामागे असे अभ्यास काही अंशी होते, हे तिथल्याच न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी जाहीरपणे सांगितलं. तेव्हा विषय यायलाच हवा होता.

उपप्रश्न
पेटीताई, दंडवत.

सरासरी
मूळ धाग्यातल्या 'थांबण्या'कडे वळतो. दहा भाषांतल्या बोलण्याचा एक तौलनिक अभ्यास २००९ मध्ये झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायच्या मधली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी निघाली. भाषाभाषांत फरक आहे, पण फार नाही. गंमत अशी, की एखादं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायलाच सुमारे सहा दशांश सेकंद लागतात. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं.

त्यामुळे एक-दीड सेकंद थांबणारा माणूस आपल्याला 'अडकलेला' वाटतो. खरं तर तो कदाचित एकटाच असेल जो प्रश्न शेवटपर्यंत ऐकून मग विचार करायला लागला. शाईचा डाग, तुमच्या पहिल्या उमेदवाराने एका प्रश्नाला बगल दिली म्हणता. प्रश्न संपायच्या आत उत्तर जुळवलं तर दुसरं काय होणार?

सांज_पाखरू
आणि व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो त्याचं काय? दोष तारांचा आणि मठ्ठ मी.

सरासरी
तेही तपासलंय. आवाज पोचायला उशीर झाला की लोक तंत्राला नाही, माणसाला बोल लावतात. समोरचा कमी लक्ष देतोय असं त्यांना वाटतं.

कुजबुज
डनिंग-क्रूगर अजून कसा आला नाही? ज्याला कमी येतं तोच जास्त ठाम असतो. विषय संपला.

सरासरी
आला बाबा एकदाचा. १९९९ च्या त्या निबंधात असं म्हटलेलं नाही. सगळ्यात कमी गुण मिळवणारे स्वतःचा अंदाज खूप फुगवून सांगत होते, पण वरच्या लोकांपेक्षा स्वतःला *जास्त* समजत नव्हते. शिवाय हा निष्कर्ष दाखवणाऱ्या त्यांच्या आलेखाचा बराचसा भाग निव्वळ आकडेशास्त्राचा खेळ आहे, अशी टीका गंभीर लोकांनी केली आहे. त्यामुळे 'ठाम म्हणजे मूर्ख' हाही ठोकताळा तितकाच कच्चा.

चौथा बाक
मला वाटतं ठाम की बिचकत हा प्रश्नच नव्हे. कशाबद्दल ठाम, हे बघायचं. टेनी आणि सहकाऱ्यांचा २००७ चा साक्षीदारांवरचा प्रयोग आहे. दोन साक्षीदार. एक सगळ्याच तपशिलांबद्दल ठाम, दुसरी काही तपशिलांबद्दल ठाम आणि काहींबद्दल "नक्की सांगता येणार नाही" म्हणणारी. चूक उघड होईपर्यंत पहिलीच जास्त विश्वासार्ह वाटते. मग दोघींचाही एकेक तपशील खोटा निघाला. दुसरीचा चुकला तो तिने आधीच 'नक्की नाही' म्हटलेला होता. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, पहिलीवरचा उडाला.

प्रत्यक्षात मात्र चूक उघड व्हायलाच फार उशीर होतो. अमेरिकेत १९८४ मध्ये बलात्काराची बळी ठरलेल्या जेनिफर थॉम्पसन यांनी रोनाल्ड कॉटन याला पूर्ण खात्रीने ओळखलं. खोटेपणा त्यात कणभरही नव्हता, खात्री मनापासूनची होती. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. दहा वर्षांहून अधिक तुरुंगवास! पुढे दोघांनी मिळून साक्षीदारांच्या ओळख परेडीतल्या सुधारणांसाठी काम केलं.

तिरपा डोळा
हे मात्र पटलं. पण बाहेरच्या जगात हिशेब ठेवतो कोण? टीव्हीवर छातीठोक भाकीत करणाऱ्याला वर्षभराने कुणी विचारत नाही.

उपप्रश्न
फिलिप टेटलॉक यांनी ठेवला. २८४ तज्ज्ञ, ८० हजारांहून जास्त अंदाज, जवळजवळ दोन दशकं. २००५ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. एकच मोठा सिद्धांत धरून ठामपणे बोलणारे जास्त चुकले, आणि माध्यमांत जास्त झळकणारे तर आणखी चुकले. टीव्हीला 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' म्हणणारा पाहुणा नकोच असतो ना.

दीडशहाणा_२
आता तर यंत्रंही आली. काहीही विचारा, तोंडभरून, स्वच्छ भाषेत, क्षणात उत्तर. चुकलं म्हणून दाखवलं की तितक्याच आत्मविश्वासाने माफी. मला तर डॉ. फॉक्सचीच आठवण येते.

शाईचा डाग
सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. तिरपा डोळा यांचा ठोकताळा आपल्यापैकी कुणालाच टाकता येणार नाही असं दिसतंय, म्हणून तो वापरायची संधीच कमी करायची, या मताला मी आले आहे. पुढच्या फेरीसाठी असं सुचवणार आहे: सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येकाने आपापले गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहायचे, चर्चा शेवटी. आणि कामातलाच एक छोटा नमुना सोडवायला द्यायचा, लेखी. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा पुढचं काम चांगलं सांगतात, याला बरीच जुनी आणि भक्कम संशोधनं आहेत.

शिवाय एक आगंतुक प्रश्न घालणार: "तुमच्या या उत्तरातला कुठला भाग तुम्हाला सगळ्यात कमी खात्रीचा वाटतो?" पहिला उमेदवार यावर काय म्हणाला असता, ते बघायला मला फार आवडलं असतं.

तिरपा डोळा
"कुठलाच नाही" म्हणाला असता, आणि तुमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या असत्या. :) आणि ज्या नोकरीत दिवसभर लोकांना पटवायचंच काम आहे, तिथे तुमचा लेखी नमुना काय कामाचा? तिथे बोलणं हीच लायकी.

शाईचा डाग
तिथे नमुना बोलण्याचाच देऊ. आमच्या जागेला दिवसातून दोन माणसांशी बोलावं लागतं.

घोगरा आवाज
एक विनंती त्या यादीत घाला. प्रश्न छापून उमेदवाराच्या हातात आधी दहा मिनिटं देता आले तर द्या.

ओठ-जीभ-टाळू
आणि अडला तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. नजर नेहमीसारखी ठेवा, थांबा. 'सावकाश बोला' हेही नको.

घोगरा आवाज
आणि पाण्याचा पेला पुढे सरकवू नका. तहानेने होत नाही ते.